पेन्सिल चपलांपाशी

ह्वे शहरात लाखेच्या चित्रांना म्हणतात सोन माय.
माझ्या मराठी कानाला उगाच सोनं ऐकू येतं, आणि आई.
ख्वेला यातलं काही ऐकू येत नाही.
तिला आठ महिने दिसतोय फक्त झाडाच्या चिकाचा डबा,
वर साय धरलेला,
आणि चौदा काळ्या फळ्या,
रुसून भिंतीकडे तोंड केलेल्या.

कुणी सांगितलं, ध्यानाला बस, चित्रं सुचतात.
जसं सांगावं, त्या कोपऱ्यावर तांदूळ स्वस्त मिळतो.
तर ही निघाली पहाटे सायकलवर
नदीपलीकडच्या मठात.
खिशात पेन्सिलचा तुकडा
आणि सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा.
सुचलंच तर.

सुचत होतं की!
डोळे मिटायचा अवकाश:
शिंपले वेचणारी बाई, कमरेपर्यंत पाण्यात;
पुलाखालून सरकणारं म्हशीचं एकच शिंग;
एक लाल, जो कुठल्याच डब्यात नव्हता.
मांडीआड हात, पुठ्ठ्यावर खरखर.
घंटा होईस्तोवर दोन्ही बाजू भरलेल्या.
घरी येऊन पाहावं तर
सगळी तीच, पर्यटकांना खपणारी,
वीस वर्षं तिनेच विकलेली.

नवव्या दिवशी तिन्ह-हान,
ऐंशीची भिक्षुणी, एका कानाने ठार बहिरी,
तरी खरखर तिलाच ऐकू आली.
म्हणाली, "पेन्सिल चपलांपाशी ठेवत जा.
इथे कुणी नेत नाही."
उपदेश एवढाच.

मग जे सुरू झालं
त्याला ध्यान म्हणायला मी धजत नाही.
गुडघा. गुडघा. दिराचं कर्ज. गुडघा.
नळ टपकतोय.
मोजायचे नाहीत म्हणत मोजलेले श्वास.
आई शेवटची कण्हत होती तेव्हा
आपण वहीत घातलेली बेरीज,
शेवटच्या शून्यापर्यंत आठवते.
चित्र? एकही नाही.
तीन महिने हेच,
कुणाला सांगू नये इतकं कंटाळवाणं.

एका दुपारी, चित्र करायचं म्हणून नव्हे,
हात रिकामे म्हणून,
तिने सर्वांत जुनी फळी पाण्यात घेतली.
लाखेचं चित्र रंगवून पुरं होत नाही, घासून उजाडतं.
थरावर थर चढवायचे,
प्रत्येक थर ओलसर अंधारात वाळू द्यायचा
(हा चीक हट्टी, कोरड्या हवेत वाळत नाही),
आणि मग घासत घासत
खाली काय पुरलं होतं ते वर आणायचं.
तिला आठवत नव्हतं.

घासताना श्वास आला, गेला. बोलावला नव्हता.
काळं पातळ झालं. तपकिरी. पाणी चहासारखं.
मग पांढरा ठिपका.
बदकाच्या अंड्याचं कवच,
कधीतरी तिनेच एकेक कपचा चिकटवलेलं
आणि जमलं नाही म्हणून काळ्यात बुडवलेलं.
ठिपक्याशेजारी ठिपका, मधे बारीक भेगा.
काय होतं हे? बगळा? टोपी? आईची उशी?
पूर्वीची ती अजून घासती,
ओळख पटेपर्यंत,
लाकूड लागेपर्यंत.
आज हात उचलला गेला.
असाच. जसा नळ टपकायचा थांबतो
आणि बऱ्याच वेळाने आपल्याला कळतं.

मी विचारलं, मग ध्यानाने सुचतं का?
ती तळहातावर राख घेऊन चकाकी काढत होती.
"सुचतं डोंबल," म्हणाली.
"कुठे थांबायचं ते कळतं, कधी कधी.
कधी तेही नाही. ती सहावी बघ,
आरपार लाकूड."

फळी मठात दाखवायला नेली तेव्हा
तिन्ह-हानने बहिरा कान पुढे केला,
जणू चित्र काही बोलणार होतं.
बराच वेळ.
मग म्हणाली, "तिकडे टेकवू नकोस, भिंत ओली आहे."

पेन्सिल अजून असते चपलांच्या फळीवर.
रोज सकाळी टोक काढलेली.
कोण काढतं, ते ख्वेने विचारलेलं नाही.